'खेयाले जातो' अशुद्ध आहे का?

प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या एका शिक्षिकेचा आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्यांच्या वर्गातली मुलं "मॅडम, आमी खेयाले जातो", म्हणजे खेळायला जातो, म्हणत पळतात. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हे अशुद्ध ठरवलं आणि 'आम्ही क्रीडांगणावर जातो' असं घोकून घ्या म्हणून सांगितलं. बाईंचा जोडप्रश्न असा : मोठी माणसं खेळली तर त्याला 'पोरखेळ' सोडून दुसरा शब्द नाही का?

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्या शब्दाने माझं डोकं फिरतं. ग्रामसभेत ठराव घाईत उरकला, पोरखेळ. नाली वाकडी खोदली, पोरखेळ. असं म्हणणाऱ्याने पोरांचा खेळ शेवटचा कधी पाहिला? विटीदांडूत अंतर मोजताना एका दांडूची चूक झाली तर अख्खा डाव थांबतो आणि निवाडा झाल्याशिवाय विटी उचलली जात नाही. एवढी काटेकोर मोजणी वाकडी नाली खोदणाऱ्याने केली असती तर नाली सरळ झाली असती. हलगर्जीपणाला मराठीत 'हलगर्जीपणा' हा चांगला शब्द आहे. तो वापरा, पोरांना मध्ये ओढू नका.

आता 'खेय'. खेळणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, तिकडे जात नाही. वऱ्हाडीत ळ चा य होतो : डोया, केयं, फय. पण ल चा य होत नाही. तेल तेलच राहतं, बेल बेलच, मोल मोलच. याचं कारण फार जुनं आहे. मूळ शब्दात दोन स्वरांमध्ये एकटा ल होता तिथे मराठीने त्याचा ळ केला : फल-फळ, नील-निळा, काल-काळ. प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या मधल्या टप्प्यात, ल्ल असं जोडाक्षर होतं तिथे मात्र ल टिकला : मूल्य-मोल्ल-मोल, कल्य-कल्ल-काल. म्हणून 'काळ' म्हणजे वेळ आणि 'काल' म्हणजे गेलेला दिवस हे दोन निराळ्या घराण्यांचे शब्द आहेत. वऱ्हाडातलं पोट्टं 'काळा'ला 'काया' म्हणेल, पण 'काल शाळेत गेलो नाही' यातल्या 'काल'ला कधी धक्का लावणार नाही. हा भेद त्याला कोणी शिकवलेला नसतो. अशा जिभेला साहेब अशुद्ध म्हणतात!

याच नियमाने मी 'खेळ'ची व्युत्पत्ती लावतो. 'क्रीडा'वरून खेळ आला असं सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते 12व्या शतकातल्या हेमचंद्र या व्याकरणकाराचा आधार देतात, कारण त्याने अपभ्रंश भाषेतला 'खेड्ड' हा शब्द क्रीडा या अर्थी नोंदवला आहे. पण हेमचंद्र तिथे अर्थाची जोडी लावतो आहे. तो मराठी 'खेळ'चा जन्मदाखला नव्हे. हड्डचं हाड झालं, तसं खेड्डचं खेड झालं असतं. आणि थेट क्रीडेवरून यायचं तर क चा ख आणि ई चा ए कशाने झाला, ते या मंडळींनी सांगावं. मला सरळ वाट दिसते ती संस्कृत 'खेल्' धातूची. एकटा ल, त्याचा ळ, वऱ्हाडात त्याचा य. कुठेच अडत नाही.

आणि या खेल् चा अर्थ? पाणिनीय धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, तो एकाच शब्दात देतो : 'चलने'. हलणं, डुलत चालणं. 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात शंकर लग्नाला निघतो, त्याला नंदी आकाशातून वाहून नेतो, आणि कालिदास त्या नंदीला 'खेलगामी' म्हणतो. गळ्यात सोन्याच्या घुंगरांचा आवाज आणि चाल खेलगामी! आता पोळ्याच्या दिवशी गावात उभं राहून बघा. झूल, घुंगरमाळा, बेगड लावलेली शिंगं. तोरण तुटलं, पोळा फुटला की बैल ज्या डौलाने घराकडे वळतो, ती चाल म्हणजे खेळ या शब्दाचं मूळ. कालिदासाच्याच मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं विदर्भातलं रामटेक असं मानतात. मला तर वाटतं, हा शब्द कवीने इथला बैल पाहूनच घातला असेल. हा माझा अंदाज आहे, पण तो मी सोडणार नाही.

हलण्या-चालण्याचा हा अर्थ मराठीने अजून जपून ठेवला आहे, तोही नेमका कामाच्या जागी. संत्र्याच्या बागेत दांडातून पाणी 'खेळवतात'. घरात हवा 'खेळती' लागते. दुकानदाराला 'खेळतं' भांडवल लागतं, आणि त्या पैशाला रिकामटेकडा कोणी म्हणत नाही. लेकराचा ताप उतरला की नाही हे आजी हात लावून बघायचीच, पण तिची खात्री पटायची ती "आज खेयाले लागलं" म्हटल्यावर. पाण्याला, हवेला, पैशाला जो शब्द कौतुकाने लावतो तोच माणसाला लावताना आपण पुढे 'नुसता' का जोडतो? "नुसता खेयत असते दिवसभर." दिवसभर हलतं-चालतं असलेलं पोर आणखी कसं असायला हवं?

मोठ्यांच्या खेळाला वेगळा शब्द नाही, कारण लागलाच नाही. काही जण 'विरंगुळा' सुचवतात. पण विरंगुळा दमल्यावर लागतो, खेळायला आधी दमावं लागत नाही. निंदण-डवरणीला जातो तो गडी, आणि कबड्डीत बाद होतो तोही गडीच. कामाचा माणूस आणि खेळाचा माणूस यांना भाषेने एकाच नावाने हाक मारली आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. त्याच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतू खेळून दाखवला. ती सगळी मिशा फुटलेली माणसं होती. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यापेक्षा जोरात ओरडणारे आजोबा तुम्ही पाहिलेच असतील. तान्ह्या पोळ्याला पोरगं चाकांचा लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागतं, पण त्या बैलाची शिंगं रात्री जागून रंगवलेली असतात ती बापाने.

तर बाई, वहीत 'खेळायला' लिहून घ्या, ती प्रमाण भाषा आहे आणि ती यायलाच हवी. तोंडी 'खेयाले' येऊ द्या. 'क्रीडांगण' फलकावर राहू द्या. आणि मुलं बाहेर पळाली की त्यांच्या मागोमाग तुम्हीही जा. लगोरीला एक गडी नेहमीच कमी पडतो.