वाचकांचे प्रश्न : आंबवण संपले होते की निजले होते?

प्रश्न : आमचा मुलगा इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे त्याच्याकडे राहायला गेलो असताना मित्रांनी त्याला वाढदिवसानिमित्त घरी स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, बनवण्याचे किट दिले. डब्यातील काळा अर्क, एक किलो साखर आणि पाणी मिळून तेवीस लिटर द्रावण झाले. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणारे उपकरण; साखर आंबत जाते तसे माप उतरते) सुरुवातीचे माप १.०४२ आले. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले, त्या वेळी माप १.०२० होते आणि पुढचे चार दिवस ते जागचे हलले नाही. माहितीपत्रकात सहा दिवस लिहिले होते, म्हणून मुलाने अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत एकेक चमचा साखर घालून बुचे लावली व बाटल्या जिन्याखाली बॉयलरशेजारच्या कपाटात ठेवल्या. तीन आठवड्यांनी मध्यरात्री दोन बाटल्या फुटल्या. सौभाग्यवतींना चोर शिरल्याचा भास झाला. आमचे काय चुकले? दिवाळीत मुलगा येताना असाच डबा आणणार म्हणतो. तो प्रयोग येथे करता येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चूक कळण्याआधी उरलेल्या बाटल्यांची काळजी घेतली पाहिजे, कारण त्यांतील काही अजून त्या कपाटात असतील तर त्या धोकादायक आहेत. मुलाला आजच कळवा की जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून, प्रत्येक बाटली टॉवेलात गुंडाळून ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि पूर्ण गार झाल्यावर बूच अगदी सावकाश सैल करावे. गार द्रवात वायू अधिक विरघळून राहतो, त्यामुळे बाटलीतील दाब उतरतो.

आता कारण. तुमचे आंबवण संपलेले नव्हते, ते थंडीने निजले होते. किटसोबत येणारे यीस्ट साधारणतः १८ ते २२ अंश सेल्सिअसला नीट काम करते. हिवाळ्यात तिकडे रात्री हीटर बंद केला की घर १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आणि मग यीस्ट सुस्तावून बादलीच्या तळाशी बसते. पौष महिन्यात दही लागत नाही म्हणून आपण विरजणाचे भांडे चुलीशेजारी सरकवतो, त्यातलाच हा प्रकार. बुडबुडे थांबणे हा तर मुळीच पुरावा नव्हे. झाकण किंचित सैल असले तरी वायू दुसरीकडून निघून जातो, आणि बादली गार होऊ लागली की बुडबुडे तसेही थांबतात.

साखर कारखान्याच्या आसवनीत मी पुष्कळ वर्षे मळीच्या आंबवणाची मापे घेतली. तेथे टाकीवरचा फेस पाहून ‘झाले’ म्हणणाऱ्याला आम्ही पुन्हा हायड्रोमीटर घेऊन पाठवत असू. मात्र तुमच्या मुलाने हायड्रोमीटर वापरला, आकडा चार दिवस स्थिर असल्याचेही पाहिले आणि तरीही तो फसला. म्हणून त्याला दोष देण्याआधी स्टाउटचा स्वभाव सांगायला हवा. आपल्या काकवीसारख्या दिसणाऱ्या त्या गडद अर्कात यीस्टला न पचणारे घटक बरेच असतात, त्यामुळे स्टाउटचे अंतिम माप फिकट बिअरपेक्षा वर राहते. काही किटे खरोखरच १.०१६ ते १.०२० च्या आसपास थांबतात. परंतु तुमच्या बादलीत एक किलो साखर होती, ती जवळजवळ पूर्ण आंबते, आणि अशा मिश्रणाने १.०१२ च्या जवळपास उतरणे अपेक्षित होते.

एवढ्या फरकाने बाटली फुटते का, याचा हिशेब मांडून पाहू. हायड्रोमीटरवर ०.००१ इतका उतार म्हणजे दर लिटरमागे सुमारे अर्धा लिटर वायू. १.०२० वरून १.०१२ पर्यंतचा ०.००८ चा उतार बाटलीत झाला, तर लिटरमागे चार लिटर वायू तेथेच झाला. अर्ध्या लिटरला एक चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर घातली, तिचे लिटरमागे आणखी दोन लिटर तरी धरा. खरे तर अर्धा चमचा पुरतो. द्रवात आधीच मुरलेला एक लिटर धरला की बेरीज सातवर जाते. बाटलीबंद स्टाउटला दर लिटरमागे दोन लिटर वायू पुरेसा असतो. बॉयलरच्या उबेने यीस्ट जागे झाले, आणि साध्या काचेची बाटली एवढा दाब सोसण्यासाठी घडवलेलीच नसते.

मुलाने पुन्हा किट आणले, तर माप अडकल्यावर त्याने बादली २० अंशांच्या खोलीत न्यावी आणि ती हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट वर आणावे. द्रव घुसळू मात्र नये, कारण या टप्प्यावर हवा मिसळली की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तरीही शंका राहिली तर भांडेभर द्रव वेगळा काढून, त्यात भरपूर ताजे यीस्ट घालून तो दोन-तीन दिवस उबेला ठेवावा. तो नमुना ज्या आकड्यावर थांबेल, त्याच्या आसपास बादलीनेही थांबायला हवे. नमुनाही १.०२० वरच राहिला, तर आंबवण खरोखर संपले आहे. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या लोकांचा भरवसा याच चाचणीवर असे. माप घेताना हायड्रोमीटर एकदा फिरवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि उपकरणावर जे तापमान छापलेले असते, बहुधा २० अंश, त्याच तापमानाला वाचन करावे.

येथे करता येईल का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर घरी बनवण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला; विक्रीला मात्र तेथेही मुभा नाही. आपल्याकडे मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२ नुसार परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई असून, कलम ६५ नुसार तो गुन्हा आहे. त्या हेतूने साहित्य आणि भांडी बाळगणेही त्यात येते. ‘घरच्यापुरते’ अशी सवलत त्यात नाही. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेतली आंबील चालते, मग हे का नाही, असे कोणी विचारील. पण आंबिलीचा आंबटपणा मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा असतो, आणि येथे मद्यार्क हाच उद्देश आहे. डबा आणूच नये. त्यातील अर्कात हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा आधीच उतरवलेला असल्यामुळे तो दुधात किंवा पावातही खपत नाही.

प्रश्न : माझी मुलगी व जावई मेलबर्नला राहतात आणि घरी स्टाउट बनवतात. किटमधील साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घातला तर चव वाढेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : गुळाची गोडी स्टाउटमध्ये उरत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. गूळ म्हणजे प्रामुख्याने उसाची साखरच, आणि यीस्ट ती खाऊन टाकते. मागे राहतो तो काहिलीतला खरपूसपणा आणि किंचित खारट झाक. भाजलेल्या बार्लीच्या कडवट चवीला ती झाक शोभते, फिकट बिअरमध्ये मात्र ती खटकते. पूर्ण एक किलो गूळ घालू नये. तेवीस लिटरला पाव किलो गूळ आणि उरलेल्या भागासाठी कोरडा माल्ट अर्क (मोड आणलेल्या बार्लीचा) घेतला तर स्टाउट पाणचट होत नाही. गुऱ्हाळावरच्या गुळात चिपाडाचे तूस असतेच, म्हणून तो पाण्यात विरघळवून, उकळून, फडक्यातून गाळून घ्यावा. गुळात ओलावा असल्याने सुरुवातीचे माप साखरेपेक्षा थोडे कमी येईल, त्याची चिंता नको.

प्रश्न : घरच्या स्टाउटवर गिनेस या आयरिश कंपनीच्या स्टाउटसारखा दाट, सायीसारखा फेस का येत नाही?
— कागलच्याच वाचकांचा पुरवणी प्रश्न

उत्तर : तो फेस नायट्रोजनचा आहे. बाटलीत साखर घालून केवळ कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याचे बुडबुडे मोठे असतात. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, त्यामुळे ओतताना त्याचे अतिशय बारीक बुडबुडे सुटतात आणि फेस टिकतो. गिनेसने ही पद्धत १९५९ मध्ये पिंपातून ओतल्या जाणाऱ्या स्टाउटसाठी आणली. डब्यातील स्टाउटसाठी त्यांचा नायट्रोजन सोडणारा प्लास्टिकचा ‘विजेट’ १९८८ मध्ये बाजारात आला. जावयांना तसा फेस हवा असेल तर पिंप, वायूचे नळकांडे आणि बारीक छिद्रांची चकती असलेला नळ विकत घ्यावा लागेल, आणि तो खर्च किटच्या कितीतरी पट होईल.