नावेचा ट्रेलर कोणत्या गाडीला लावायचा? आधी परतीचं वजन करा

प्रश्न: नमस्कार दादा. मी दिघोरीचा, आम्ही तिघांनी मिळून अठरा फुटी फायबरची नाव घेतली, मागं पंचवीस एचपीचं आउटबोर्ड म्हणजे नावेच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन, आणि गोसेखुर्द धरणात पवनीकडच्या बाजूनं सोसायटीसोबत मासेमारी करून राहिलो. दर वेळी भाड्याचा टेम्पो परवडत नाही म्हणून ट्रेलर बनवून घेतला. नाव ३५० किलो, ट्रेलर २५०, म्हणजे ६०० झाले. घरी १२०० सीसीची पेट्रोल गाडी आहे, लहान भाऊ म्हणते हुक लावून घे, इंजिन आरामात ओढते. काकांची बोलेरो पण मिळू शकते. काय करावं?

उत्तर: भाऊ, लहान गाडीला सरळ नाही म्हणतो, आणि बोलेरोलाही लगेच हो म्हणत नाही. तुमचे ६०० किलो हे कोरड्या नावेचे आणि रिकाम्या ट्रेलरचे, पण तशी नाव तुम्ही रस्त्यावर कधी नेणारच नाही ना. पवनीहून परत निघता तेव्हाचं मांडून बघा. इंजिन ५० च्या आसपास, ४० लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलो, बॅटरी, नांगर, दोर, जॅकेट, डबे मिळून ५० धरा, ओली जाळी ४०, आणि मासे-बर्फाचे क्रेट १५० तरी. झाले ९२०. त्यात नावेच्या तळाशी साचलेलं पाणी तसंच राहिलं तर लिटरला एक किलो या हिशोबानं ते पण तुमच्याच मागं येते, म्हणून नाव वर काढल्याबरोबर मागचं बूच काढायचं आणि पाणी पूर्ण निथळल्याशिवाय हलायचं नाही.

हे सगळं माझ्या अंदाजावर सोडू नका. एकदा परतीच्या मालासकट धरमकाट्यावर जा, आधी जोडलेली गाडी-ट्रेलर पूर्ण काट्यावर घ्या, मग ट्रेलर सोडून नुसती गाडी तेवढ्याच माणसांसकट घ्या, वजाबाकी केली की ट्रेलरचं खरं वजन हातात. पावती जपून ठेवा.

आता गाडी. भाऊ म्हणतो ते खोटं नाही, सपाट रस्त्यावर लहान इंजिनसुद्धा ओढून नेईल. मला काळजी आहे ती ब्रेकची. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर उमरेड रोडवर समोर ढोर आडवं आलं की ते ९२० किलो पण तुमच्या गाडीच्याच ब्रेकनं थांबवायचे असतात, आणि तुमची छोटी गाडी स्वतःच जवळपास तेवढ्याच वजनाची आहे. वेग ६० चा ८० केला की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते. ब्रिटनमध्ये बिनब्रेकचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, आणि कितीही मोठी गाडी असली तरी ७५० किलोच्या वर नाहीच. तो आपल्याकडचा कायदा नाही पण माप म्हणून मला तो पटतो, आरसीवर अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असते, ते बघून स्वतःच हिशोब करा. या मापानं बिनब्रेकचे ९२० किलो बोलेरोलाही जास्तच होतात.

मग मार्ग काय, तर ट्रेलरला ओव्हररन ब्रेक बसवून घ्या. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं ढकलतो, त्या दाबानं कपलरमधला (ट्रेलरचं पुढचं तोंड, जे हुकावर बसते) दांडा मागं सरकतो आणि केबल ओढून ट्रेलरच्या ड्रमचे ब्रेक लागतात, वेगळी वायर नाही की पायडल नाही. आणि दुसरं, माझ्या मते तुमच्या कामाला बोलेरोपेक्षा पिकअप बरी. मासे, बर्फ, जाळी, पेट्रोलचे डबे हे सगळं मागच्या डाल्यात गेलं की ट्रेलरवर ७०० च्या आतच राहते. फक्त डाल्यातला माल, माणसं आणि हुकावर येणारा भार मिळून गाडीच्या पासिंगच्या वजनात (भरलेल्या गाडीचं मंजूर वजन) बसले पाहिजेत, हुकावरचा भार लोक धरतच नाहीत. तरी कंपनीनं त्या मॉडेलला टोइंगचा आकडा म्हणजे मागं किती किलो ओढायला चालते ते दिलं आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर लेखी विचारा, आणि दिलेला आकडा कमी असेल तर तोच शेवटचा.

हुकावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असू द्या. ७०० किलोला ३५ ते ७०. मोठा काटा दहा-दहा किलोनं सरकतो, त्यावर हे नीट कळत नाही, घरचा माणसं मोजायचा वजनकाटा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून कपलर हुकाच्याच उंचीला टेकवा. कमी भरला तर ट्रेलर वेगात डावी-उजवी झुलायला लागते, हे फार वाईट. जास्त भरला तर गाडी मागून बसते आणि स्टेअरिंग हलकं लागते. सामान थोडं पुढं-मागं केलं की जमते.

धरणाच्या उतारावर खरी परीक्षा आहे. आठ फुटाला एक फूट चढ असेल आणि गाडी-ट्रेलर मिळून अडीच टन, तर नुसतं जागेवर धरायलाच ३०० किलोच्या वर ओढ लागते, आणि खाली शेवाळ. लहान गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, हुकावरचा भार मागं दाबतो, चढावर वजन आणखी मागं सरकते, पुढची चाकं जागीच फिरत राहतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी इथं कामाची. क्लच अर्धा दाबून नाव खेचत बसू नका, वास आला की थांबा.

आणि ट्रेलरचं आरटीओ रजिस्ट्रेशन करून घ्या, कायद्यानं ट्रेलर पण मोटार वाहनच आहे. इन्शुरन्सवाल्यालाही हुक आणि ट्रेलरचं सांगून ठेवा.

प्रश्न: माझ्याही ट्रेलरवर नाव आहे, खिंडसीला नेतो. ट्रेलरचे बेअरिंग वारंवार जातात, ग्रीस तर भरपूर भरतो. वाडीहून एक वाचक.

उत्तर: पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालता का? हब म्हणजे चाकाचा मधला, बेअरिंग बसते तो भाग, गरम असतो, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून (पाणी अडवणारी रबरी कडी) पाणी आत ओढते, मग ग्रीस कितीही असो, पांढरं पडून जाते. अर्धा तास थांबा, हबला हात लावून बघा, हात टिकला तरच पाण्यात घाला. या खेपेला बेअरिंगसोबत सील पण नवीन टाका.