तेरा किलोमीटरसाठी एवढ्या लांब?

प्रश्न : ताई, मी नाशिकची, वय ५९, नुकतीच निवृत्त झाले. मला रेल्वेच्या आडबाजूच्या फाट्यांवरच्या छोट्या गाड्यांतून हिंडायची फार हौस आहे. घरचे म्हणतात, तिथे बघायला आहेच काय? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : जलंब-खामगावपासून करा. फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. पण अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची पेठ एवढी मोठी, की १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः या लाइनीच्या उद्घाटनाला आले. दिवाळीच्या सुमारास जा, वेचणीला आलेलं शिवार बघायला मिळेल. घरच्यांना हेच सांगा.

मुक्काम शेगावला करा. महाराजांचं दर्शन घ्या आणि स्टेशनवर जलंबहून जायची आणि परतीची, दोन्ही वेळा विचारून घ्या. फेऱ्या मोजक्याच असतात. परतीची गाडी चुकलीच, तर खामगावहून शेगावला एसटी आहे. त्यानंतर तुम्हाला जवळचा चाळीसगाव-धुळे, ५६ किलोमीटर. प्रवास उजेडीच करा, अंधारात बसून काय दिसणार?

एक मात्र करू नका, 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. माझं आजोळ शेंदुर्णी, पाचोरा-जामनेर लाइनीवरचं. अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीला आम्ही 'पीजे' म्हणायचो. फाटक आलं की गाडी थांबायची. एक माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी रस्ता ओलांडून पुन्हा थांबायची, तो फाटक उघडायचा आणि पळत येऊन शेवटच्या डब्यात चढायचा. आम्ही पोरं खिडकीतून त्याला 'मामा, लवकर!' म्हणून ओरडायचो. मोठेपणी मुलांना घेऊन एकदा जायचं, असं दर दिवाळीला ठरायचं आणि आम्ही मोटारीनेच जायचो. २०२० मध्ये करोनात गाडी बंद झाली. माझ्या मुलांनी ती पाहिलीच नाही.

खामगावचं तिकीट टाकून देऊ नका, वहीत चिकटवा आणि मागे तारीख लिहा. माझ्याकडे शेंदुर्णीचं एकही नाही.