बाह्यग्रहांची यादी : दोन आकडे, दोन्ही खरे

प्रश्न : माझी नात नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी ती सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, म्हणजे बाह्यग्रहांची, माहिती जमवते आहे. एका यादीत सहा हजारांवर ग्रह आहेत, दुसरीत त्याहून बरेच जास्त. खरा आकडा कोणता?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजोबा, नातीचं काही चुकलेलं नाही. ग्रह कुठपर्यंत म्हणायचं, याची मर्यादा दोन्ही याद्यांनी वेगवेगळी धरली आहे. पहिली नासासाठी अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठात ठेवली जाते. ती गुरूच्या तीसपट वस्तुमानापर्यंतचे पिंड घेते. दुसरी म्हणजे पॅरिस वेधशाळेतल्या जाँ श्नायडर यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला बाह्यग्रहांचा विश्वकोश. तिथे साठपटीपर्यंत प्रवेश मिळतो. आंतरराष्ट्रीय खगोलसंघाची कामचलाऊ व्याख्या तर तेरापटीशीच थांबते, कारण त्यापुढे पिंडाच्या पोटात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागतं. तेव्हा प्रकल्पात आकड्याशेजारी यादीचं नाव आणि तारीख लिहायला लावा. सारखी भर पडत असते, तारखेशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

मी बडोद्यातल्या एका ग्रंथालयात आयुष्यभर तालिकेचं काम केलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ज्या कामाची घडी बसवली, तेच हे काम. पुस्तक आलं की आधी दाखल क्रमांक, मग तपासणी, मग तालिकेत जागा. ग्रहांच्या याद्या मी वाचतो त्या याच नजरेने. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश ठरावीक काळाने किंचित मंदावतो. २०१८ पर्यंत केप्लर या अवकाश दुर्बिणीला तो तसा दिसायचा, आता टेसला दिसतो. त्याला लगेच क्रमांक पडतो. केप्लरच्या दप्तरातला के००७५२.०१ घ्या. तेव्हा तो नुसता उमेदवार होता, कारण दोन तारे एकमेकांना झाकत असले तरी प्रकाश असाच मंदावतो. ती शंका फिटली, शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्याच नोंदीला केप्लर-२२७ बी हे नाव मिळालं. अक्षरं बी पासून सुरू होतात आणि पुढे ग्रह सापडतील तशी सी, डी लागतात. म्हणून सी हा बी पेक्षा ताऱ्याच्या जवळही असू शकतो.

ही तपासणी आपल्या शेजारीही चालते. अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. ग्रहाच्या ओढीने तारा जो किंचित पुढेमागे होतो, तो तिथला पारस-२ हा वर्णपटमापक टिपतो. त्यावरून टेसच्या उमेदवारांपैकी टीओआय-६६५१ बी या ग्रहाचं वस्तुमान निघालं, पृथ्वीच्या साधारण साठपट, आणि २०२४ मध्ये त्याचा शोध जाहीर झाला. त्याचं वर्ष आपल्या पाच दिवसांचं. अबूला सहलीला जाणाऱ्या किती बडोदेकरांना हे ठाऊक असेल!

नातीला एक धोका मात्र आवर्जून सांगा. एकाच ग्रहावर चार-पाच निबंध असले, तर प्रत्येकातली त्रिज्या थोडी निराळी असते. नासाच्या संग्रहात त्या सगळ्या ओळी जपतात आणि एक ओळ प्रमाण मानतात. सोयीसाठी एक संकलित तक्ताही आहे. त्यात रिकामी घरं इकडून तिकडून भरलेली असतात, त्रिज्या एका निबंधातली तर वस्तुमान दुसऱ्यातलं. नवखा माणूस हाच तक्ता उचलतो. त्यावरून घनता काढाल तर उत्तर भलतंच येऊ शकतं. प्रत्येक घराशी संदर्भ दिलेला असतो, तो उघडून बघायची सवय तिला आत्ताच लागू दे.

मला या सूचीकारांबद्दल सर्वांत आदर वाटतो, तो ते नोंद काढून टाकतात म्हणून. २००८ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून फोमलहॉट ताऱ्याचा ग्रह जाहीर झाला. २०१५ मध्ये जगभरच्या लोकांनी मतं देऊन त्याला डॅगन हे नावही दिलं. पुढे तो ठिपका फिकट होत आणि पसरत गेला. दोन पिंडांच्या टकरीतून उडालेला तो धुळीचा लोट असावा, असं २०२० च्या निबंधात मांडलं गेलं आणि नासाच्या यादीतून नोंद निघाली. एवढा गाजलेला ग्रह, तरी कुणी भीड धरली नाही.

प्रश्न : एखाद्या बाह्यग्रहाला आपल्याकडचं नाव आहे का?
– एक शिक्षिका, ग्वाल्हेर

उत्तर : आहे. २०१९ मध्ये खगोलसंघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नावासाठी दिला. आपल्या वाट्याला आलेल्या एचडी ८६०८१ या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून बिभा आणि ग्रहाला संतमस असं नाव मिळालं. मुलींना बिभाताईंचं काम अवश्य सांगा. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर संशोधन करणाऱ्या त्या आपल्याकडच्या आरंभीच्या संशोधकांपैकी.

प्रश्न : कमाटी बागेजवळ राहतो. गच्चीवरून यातलं काही दिसेल का?
– एक विद्यार्थी, बडोदे

उत्तर : ग्रह नाही, पण तारा दिसेल. दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-साडेआठला महाश्व (पेगासस) या तारकासमूहाचा मोठा चौकोन बडोद्यात जवळजवळ डोक्यावर असतो. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे. त्या दोघांच्या साधारण मध्यावर, जरा पश्चिमेला सरकून, ५१ पेगासी आहे. मायोर आणि केलोझ या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह इथेच शोधला आणि त्यासाठी २०१९ चं नोबेल मिळवलं. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तो सापडणार नाही. १०×५० ची द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण) घे. फटाक्यांचा धूर असेल तर चार दिवस थांब.