जीमेल, गूगल डॉक्स, ऑनलाइन वर्ड फुकट देऊन कंपन्यांना काय मिळतं? आपला डेटा विकतात का?

तुमची पत्रं कुणाला विकत नाहीत. विकतात ती तुमच्यासमोर जाहिरात दाखवायची जागा. गूगलच्या मूळ कंपनीचं, अल्फाबेटचं, बहुतांश उत्पन्न जाहिरातींचंच आहे. पण इनबॉक्समधल्या दोन-चार जाहिरातींवर हा डोलारा उभा नाही. पूर्वी जीमेल पत्रांतला मजकूर तपासून त्यानुसार जाहिराती दाखवायचं. ते बंद करत असल्याचं २०१७ साली जाहीर झालं, तरी मेल फुकटच राहिलं.

माझ्या मते खरी गोम पत्त्यात आहे. बँकेची पत्रं, नोकरीचे अर्ज, पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंक, सगळं त्या एका पत्त्यावर. मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. जीमेलचा पत्ता घेऊन आउटलुककडे मात्र जाता येत नाही. जुनी पत्रं उतरवून घ्याल, पण नवी येत राहतात जुन्याच दारी. शिवाय मेलसाठी एकदा लॉगिन केलं की सर्च, मॅप्स, यूट्यूब त्याच खात्यावर चालतात, आणि तिथली तुमची आवडनिवड जाहिरातींच्या कामी येते.

मग पत्रं-फायली साठवायची जागा भरते. २००४ मध्ये जीमेलने १ जीबी दिली, तेव्हा हॉटमेलवर जेमतेम २ एमबी मिळायची. तारीख १ एप्रिल, त्यामुळे अनेकांना ती थट्टाच वाटली! आज १५ जीबी मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटोंत मिळून. फोटोंनी ती भरली की मेल येणंही थांबतं. दहा-बारा वर्षांचा पसारा उपसत बसण्यापेक्षा माणूस महिन्याचे पैसे भरून मोकळा होतो.

ऑफिस सॉफ्टवेअरचं गणित थोडं वेगळं. विद्यार्थी ज्यावर प्रकल्प लिहितो, तेच पुढे नोकरीत मागतो, आणि कंपनी मग माणशी वर्गणी भरते. गूगलने आपल्या ऑफिस सेवेची फुकट आवृत्ती नव्या कंपन्यांसाठी २०१२ मध्येच बंद केली. लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर याला अपवाद. ते एक ना-नफा संस्था आणि स्वयंसेवक सांभाळतात.

पत्ता आपल्या हातात हवा असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं नाव, आपल्या नावावर नोंदवून घ्या. मेलची कंपनी कितीही वेळा बदलली तरी पत्ता तोच राहतो. फक्त नूतनीकरण चुकवू नका. ते नाव दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या पासवर्डच्या लिंका त्याच्याकडे जातील.