नोटरी केली की भाडेकरार पक्का?

प्रश्न: पुण्यातला वन बीएचके भाड्याने देतेय. एजंट म्हणतो ११ महिन्यांचाच करार आहे ना, मग स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, रजिस्टर कशाला. खरंय का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. ११ महिन्यांचं हे खूळ काही केल्या जात नाही बघा, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सरळ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घर ठराविक काळ वापरायला देण्याचा, तुमच्यासारखा करार) लेखी आणि रजिस्टर्डच हवं, आणि ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करत बसायचं.

नोटरी ओळखपत्र बघतो, समोर सही घेतो, स्वतःच्या रजिस्टरात नोंद करून शिक्का मारतो. आतला मजकूर खरा की खोटा हे त्याचं काम नाही, प्रतिज्ञापत्राला तेवढं पुरतं. आणि "तुम्ही येऊ नका, शिक्का आणून देतो" असं एजंट म्हणाला तर एजंटच बदला. रजिस्ट्रेशन आता ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, घरी येऊन करून देणारेही आहेत.