केंब्रिज, एलएसई, वॉरविक की एडिनबरा? शिकवण्यात खरंच फरक असतो की नुसता नावाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी पुण्यात बारावीला आहे, इकॉनॉमिक्स नाहीतर मॅथ्स करायचंय, यादीत केंब्रिज, एलएसई (म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), वॉरविक आणि एडिनबरा ही ब्रिटनमधली चार नावं आहेत, तर यातलं सगळ्यात नावाजलेलं कुठलं आणि शिकवायची पद्धत खरंच वेगळी असते का. मी लंडनला एमएस्सी केलं, मग केंब्रिजला मॅथ्समध्ये पीएचडी, आणि पीएचडी चालू असताना तीन वर्षं फर्स्ट इयरच्या मुलांना शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फरक असतो आणि चांगलाच मोठा असतो, पण तुम्ही ज्या रँकिंगच्या याद्या बघताय त्यात तो शोधून सापडणार नाही.

एलएसईचंच बघा ना. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सरकारी योजनेत शिकवण्याच्या दर्जावरून विद्यापीठांना गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ दिलं गेलं तेव्हा एलएसईला ब्राँझ मिळालं होतं. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, टाइम्स आणि संडे टाइम्स या वर्तमानपत्रांच्या विद्यापीठांवरच्या गाइडमध्ये तेच एलएसई अख्ख्या ब्रिटनमध्ये पहिलं आलं, आणि त्याच सुमाराला क्यूएस या रँकिंग काढणाऱ्या संस्थेच्या जागतिक यादीत ते पन्नासच्या आसपास होतं. क्यूएसमध्ये रिसर्चला आणि प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या मताला मोठं वजन असतं, तर टाइम्सच्या गाइडमध्ये मुलांचं समाधान, प्रवेशाचे मार्क, पुढे मिळालेल्या नोकऱ्या हे सगळं धरतात. म्हणजे एकाच विद्यापीठाचे तीन आकडे, आणि तुमच्या मुलीने सोडवलेलं गणित दर आठवड्याला कोण तपासणार आहे हे तिन्हीतून कळत नाही. मी तर म्हणेन तोच खरा प्रश्न आहे, तोच धरून बसा.

केंब्रिजमध्ये त्याचं उत्तर आहे सुपरव्हिजन, ऑक्सफर्डमध्ये त्यालाच ट्युटोरियल म्हणतात. मी घ्यायचे तेव्हा पद्धत अशी होती की दोन मुलं, एक छोटी खोली, एक तास, आणि मुलांनी आदल्या दिवशीच एक्झाम्पल शीट, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा कागद, सोडवून माझ्याकडे द्यायची. एका मुलाचं अजून लक्षात आहे. त्याने एका सिद्धतेत तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की फंक्शन कंटिन्युअस (आलेख कुठेही न तुटणारं) आहे म्हणजे ते बाउंडेड (एका मर्यादेपलीकडे न जाणारं) असणार हे उघडच आहे, आणि पुढची दीड पानं त्यावरच उभी. मी चूक म्हणाले नाही, फक्त विचारलं, उघड का आहे? तो गप्प. शेजारच्या मुलीला उत्तर येत होतं, तिला मी हातानेच थांब म्हटलं. चार-पाच मिनिटं कुणी बोललं नाही, खूप लांब वाटतात हो ती मिनिटं, मग तो उठला, फळ्यावर ० ते १ चा उघडा, म्हणजे टोकं न धरलेला, इंटरव्हल काढला, त्यावर १ भागिले क्ष चा आलेख काढला, शून्याकडे जाता जाता रेघ वर वर जायला लागली आणि त्याचा हात तिथेच थांबला. स्वतःच म्हणाला, अच्छा, टोकं धरली नाहीत तर नाही चालत. हे त्याला मी लेक्चरमध्ये दहा वेळा सांगितलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं. असं दर आठवड्याला, प्रत्येक विषयाचं होतं. टर्म फक्त आठ आठवड्यांच्या असतात म्हणून वेग भयंकर असतो आणि लपायला जागा नसते, न करता गेलात तर तासभर समोरासमोर बसायचंय. काही मुलं यात फुलतात आणि काही हुशार मुलं खरोखर खचतात, हे मी दोन्ही पाहिलंय, म्हणून मुलीचा स्वभाव आधी बघा.

कॉलेजबद्दल एक गैरसमज हमखास असतो. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि शिकवायचं संलग्न कॉलेजांनी, त्यामुळे आपल्या डोक्यात कॉलेज चांगलं तर शिक्षण चांगलं हे बसलेलं आहे. केंब्रिजला लेक्चर विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमध्ये होतात, सगळ्या कॉलेजांची मुलं एकत्र बसतात, परीक्षा एकच. कॉलेज म्हणजे राहणं, जेवण आणि सुपरव्हिजनची सोय लावणं. तेव्हा ट्रिनिटी की सेंट जॉन्स यावर रात्री जागवू नका.

आता नाव आणि शिकवणं ही दोन वेगळी खाती कशी आहेत ते. इकॉनॉमिक्स करायचं म्हणताय तर ॲडम स्मिथचंच घ्या. हा माणूस आधी ग्लासगोला शिकला, मग १७४० मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात गेला, सहा वर्षं राहिला, आणि नंतर १७७६ च्या वेल्थ ऑफ नेशन्समध्ये त्याने सरळ लिहिलं की ऑक्सफर्डच्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचं नाटकसुद्धा कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिलंय. कारणही त्यानेच दिलं, ज्याचा पगार देणग्यांतून ठरलेला आहे त्याला शिकवलं काय न शिकवलं काय सारखंच, उलट ग्लासगोला विद्यार्थ्यांची फी थेट प्राध्यापकाच्या खिशात जायची. नाव तेव्हाही ऑक्सफर्डचंच मोठं होतं बरं का.

केंब्रिजचंही तसंच. आपल्याकडे रँग्लर परांजपे हे नाव घराघरात माहीत होतं, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. पण त्या शतकात गणिताच्या त्या परीक्षेची तयारी मुख्यतः कोण करून घेत होतं? विद्यापीठाचे प्राध्यापक नाहीत, खाजगी कोच. एडवर्ड रूथ नावाच्या एकाच कोचच्या हाताखालून वीसपेक्षा जास्त सीनियर रँग्लर गेले. म्हणजे आपल्याकडच्या क्लासेसचीच गोष्ट, नाव संस्थेचं आणि घाम क्लासवाल्याचा. १९०९ नंतर रँग्लरांचे, म्हणजे त्या परीक्षेत फर्स्ट क्लास मिळवणाऱ्यांचे, क्रमांक जाहीर करणं बंद झालं आणि त्या कोचिंगचा जोर ओसरला. आजची सुपरव्हिजन खरंच चांगली आहे, पण ती ८०० वर्षांपासून अशीच चालत आलीय असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एलएसईला लेक्चर मोठ्या हॉलमध्ये आणि मग आठवड्याला पंधरा-एक मुलांचा क्लास. हा क्लास बऱ्याचदा पीएचडी करणारा कुणीतरी घेतो, तो चांगला मिळाला तर वर्ष छान जातं. प्राध्यापक ऑफिस अवर्सला भेटतात पण दार तुम्हाला वाजवावं लागतं, बोलवायला कुणी येत नाही. लाजणाऱ्या मुलांचं तिथे नुकसान होतं. पण तिथली वाद घालायची परंपरा मात्र मला फार आवडते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये तिथून डीएस्सी केली, त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुस्तक म्हणून आला त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि त्या प्रस्तावनेत कॅननसाहेब स्वच्छ सांगतात की माझं या लेखकाशी अनेक बाबतीत जमत नाही, आणि तरीही त्याच्या विचारांतल्या ताजेपणाचं कौतुक करतात. शिक्षकाने विद्यार्थ्याशी असहमत असावं आणि तरी त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना द्यावी, याहून चांगलं शिकवणं काय असतं!

वॉरविक १९६५ चं, म्हणजे या चौघांत सगळ्यात तरुण, आणि तुमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांनी नाव ऐकलं नसेल. पण मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स दोन्हींत ते खूप वरचं आहे आणि लंडनच्या बँकांना ते पक्कं माहीत आहे. मुलगी भारतात परत येऊन नोकरी करणार असेल तर केंब्रिज आणि एलएसई या नावांचा उपयोग जास्त होईल हे कबूल करायला हवं, तिकडेच राहणार असेल तर वॉरविक अजिबात कमी नाही.

एडिनबराची गोष्टच निराळी, स्कॉटलंडमध्ये डिग्री चार वर्षांची. पहिली दोन वर्षं मुख्य विषयाबरोबर बाहेरचे कोर्स घेता येतात आणि डिग्रीला कुठला क्लास मिळणार हे साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षावर ठरतो. माझा मावसभाऊ तिथे इकॉनॉमिक्सला गेला, सहज म्हणून भाषाशास्त्राचा कोर्स घेतला, आणि आज त्यातच काम करतोय. इकॉनॉमिक्स नाहीतर मॅथ्स, अशी "नाहीतर" म्हणणारी मुलगी असेल तर हा मोकळेपणा सोन्यासारखा आहे, फक्त चौथ्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च आधी मांडून बघा.

आणि मार्कांची मानसिक तयारी करा. तिकडे ७० म्हणजे फर्स्ट क्लास, ६० ते ६९ म्हणजे टू-वन (सेकंड क्लासचा वरचा भाग), आणि टू-वन चांगला समजतात. लंडनला माझ्या पहिल्या निबंधाला ६२ मिळाले, आईला फोनवर सांगितलं तर ती थोडा वेळ काही बोललीच नाही आणि मग हळूच म्हणाली, जेवतेस ना नीट? त्याच एमएस्सीत, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नाव मोठं होतं, लेक्चरला दोनशेवर मुलं आणि प्रबंधाच्या गाइडची अख्ख्या उन्हाळ्यात तीनदा भेट. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडून एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारी मुलं पुष्कळ असतात आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ज्या ट्युटोरियलचं कौतुक ऐकून ती जातात ती मुख्यतः अंडरग्रॅज्युएट मुलांसाठी असते. तुमची मुलगी बारावीनंतर जातेय म्हणून तिच्या बाबतीत तो फरक खरंच लागू पडतो.

माझ्या मते तुमची यादी बरोबर आहे. ऑक्सफर्ड नाही हेही ठीक, एकतर एका वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे अंडरग्रॅज्युएट अर्ज करता येत नाही, आणि ऑक्सफर्डला नुसत्या इकॉनॉमिक्सची डिग्रीच नाही, ते पॉलिटिक्स-फिलॉसॉफी, मॅनेजमेंट किंवा इतिहास अशा विषयांच्या जोडीने येतं. युकासवर, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठांना एकत्र अर्ज करायच्या यंत्रणेवर, पाच जागा असतात, पाचवी जिथे ती नक्की लागेल अशी ठेवा. केंब्रिज धरलं तर अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांना वेळ आहे.

त्याआधी एक करा. केंब्रिजच्या मॅथ्सला स्टेप नावाची परीक्षा लागते, तिचे जुने पेपर नेटवर फुकट मिळतात, तीन तासांत बारा प्रश्न, त्यातले सगळ्यात चांगले सोडवलेले सहाच मोजतात. एखाद्या रविवारी सकाळी तिला एक पेपर काढून द्या, इकॉनॉमिक्स करायचं ठरलं तरी द्या. किती आले ते विचारू नका. जेवायला बसल्यावर अर्धवट राहिलेल्या प्रश्नाबद्दल ती आपणहून बोलायला लागली तर केंब्रिजचा अर्ज भराच, आणि वही मिटून मैत्रिणीकडे गेली तर एडिनबरा आणि वॉरविकची कोर्सची पानं तिच्यासोबत बसून नीट वाचा.